डब्याचे गुण, बुवांचे दोष

मंडळी, रामरायाचं नाव घेऊन बसलात, आता जरा सैल बसा. पूर्वरंगात तुम्हाला पुष्कळ तत्त्वज्ञान पाजलं. मागच्या रांगेत दोघांचे डोळे मिटले होते. ते ध्यान होतं असं मी धरून चालतो. आता आख्यान ऐका.

पण आधी एक प्रश्न. ज्या वस्तूची आपण चारचौघांत निंदा करतो, ती आपण कधी हातात धरून पाहिलेली असते का? विचार करा. घाई नाही. तबलजी, तुम्हीही करा, तेवढाच हाताला विसावा!

आख्यान कुणाचं? पुराणातलं नाही. आपल्या मिरजेतलं. एक कीर्तनकार बुवा आहेत – अनंतबुवा निजसुरे. हसू नका! होय, तोच हा देह, तुमच्यापुढे उभा आहे. पण नारदांच्या गादीवर उभं राहून सारखं 'मी, मी' म्हणणं बरं दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर यातल्या काही गोष्टी 'मी केल्या' असं म्हणायला जीभही वळत नाही. म्हणून आपलं 'बुवा' म्हणू. बुवांची फजिती ऐकायला तुम्हाला बरं वाटेल, सांगायला मला सोपं जाईल.

तर हे बुवा. बुवांचं एक कीर्तन फार गाजलं होतं. विषय – व्हिडिओ गेम! टीव्हीला जोडायचा तो डबा, हातात धरायची ती बटणांची कांडी, आणि त्यापुढे तासन् तास बसलेली माणसं. बुवा त्याला 'मायेचा डबा' म्हणायचे. त्यावर स्वतः एक साकी रचली होती –

डब्यापुढती बैसे प्राणी, विसरे अन्न नि पाणी,
अंगठ्यांतची जीव राहिला, उरली केविलवाणी!

काय उरली केविलवाणी? ते बुवांनाही ठाऊक नाही. 'पाणी'ला यमक हवं होतं. पण लोक टाळ्या वाजवायचे. आणि बुवांनी तो डबा कधी पाहिला होता? दुकानाच्या काचेतून. तोही रिक्षातून जाताना.

अशात शहरातल्या एका शाळेनं बुवांना पालकसभेला बोलावलं. विषय दिला, 'घरातला व्हिडिओ गेम: गुण आणि दोष'. बुवांनी वही घेतली, मधोमध रेघ मारली. एका बाजूला गुण, दुसऱ्या बाजूला दोष. दुपारच्या चहापर्यंत दोष तेवीस झाले. गुणांचा रकाना कोरा. तो कोरा रकाना बघून बुवांना आपल्या निःपक्षपातीपणाचं कौतुक वाटलं – जागा तरी सोडली होती ना!

आता घरचं सांगतो. बुवांच्या घरी चार माणसं. बुवा, त्यांच्या पत्नी कुमुदताई, मुलगा अद्वैत आणि सून ऋजुता. मुलगा आणि सून दिवसभर नोकरीवर. पाच महिन्यांपूर्वी कुमुदताईंना पक्षाघाताचा झटका आला होता. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, पण डावा हात खांद्यापासून लुळा पडला आणि डावा पाय ओढत चालावं लागायचं. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या, फिजिओथेरपिस्ट. त्यांनी सांगितलं होतं, दिवसातून तीनदा, दर खेपेला वीस वेळा हात उचला. कुमुदताई चार वेळा उचलायच्या आणि भिंतीकडे बघत बसायच्या. बुवा शेजारी बसून मोजायचे, 'पाच... पाच म्हण ना... पाच.' मंडळी, हजार माणसांना दोन तास खिळवून ठेवणारा हा वक्ता, पण त्याला घरातल्या एका माणसाचा हात पाचव्यांदा उचलवता येत नव्हता.

आणि कुमुदताई हसायच्या बंद झाल्या होत्या. रडतही नव्हत्या. नुसत्या असायच्या.

एका रविवारी ऋजुता खोकं घेऊन घरी आली. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडे पडून असलेला व्हिडिओ गेमचा डबा तिनं मागून आणला होता. बुवांच्या घरात! बुवा खुर्चीतून ताडकन उठले. 'मायेचा डबा' कीर्तनातला अर्धा भाग तिथेच, उभ्या उभ्या, बसायच्या खोलीत झाला. ऋजुतानं तो शांतपणे ऐकून घेतला. तारा जोडल्या. मग टेबलावरची वही उचलून तेवीसच्या तेवीस दोष वाचले आणि विचारलं,

"बाबा, यातले तुम्ही स्वतः किती पाहिलेत?"

बुवा म्हणाले, विस्तव गरम आहे हे कळायला हात घालावा लागत नाही. ती म्हणाली, "मग महिनाभर लांब बसून शेका. मग सभेत बोला." सून वकिलाच्या घरातली आहे, हे बुवा लग्नात विसरले होते.

त्या डब्याबरोबर एक कांडी होती. हातात धरून हात फिरवला की पडद्यावरचा हात फिरतो. खेळ होता चेंडू घरंगळत सोडून दहा खुंट पाडायचा. ऋजुतानं कुमुदताईंना खुर्चीत बसवलं, ती कांडी डाव्या हातात दिली, बोटं मिटेनात म्हणून रुमालानं बांधली. पहिल्यांदा हात उचलला तो मांडीवरच पडला. दुसऱ्यांदा चेंडू मागे गेला आणि पडद्यावरची चित्रातली माणसं दचकून उडाली. तिसऱ्यांदा चेंडू हळूहळू, अगदी पेन्शन काढायला निघाल्यासारखा, कडेकडेनं गेला आणि शेवटच्या एका खुंटाला लागला. खुंट डुलला, डुलला – आणि पडला.

बुवा निषेध म्हणून स्वयंपाकघरात जाऊन बसले होते. तिथे त्यांना हसण्याचा आवाज आला. कुणाचा ते पटकन कळलंच नाही. पाच महिन्यांत तो आवाज ते विसरले होते. दारात येऊन पाहिलं, तर कुमुदताई हसत होत्या आणि म्हणत होत्या, "परत लाव."

त्या दिवशी हात किती वेळा उचलला गेला? ऋजुतानं मोजलं. सेहेचाळीस.

मंडळी, बुवा आत गेले. वही उघडली. कोऱ्या रकान्यात लिहिलं, 'हात उचलला जातो.' आणि वही पटकन मिटली. कुणी पाहू नये म्हणून!

व्यायामाच्या बाईंनी पाहिलं, त्याही खूश झाल्या. म्हणाल्या, नेहमीच्या व्यायामाच्या जोडीला हेही चालू दे. पण वीस मिनिटं झाली की विश्रांती. आणि ताई एकट्या उठणार नाहीत, खेळतानाही नाही, एरवीही नाही. कुणीतरी हाकेच्या अंतरावर पाहिजे. बुवांनी मान डोलावली. हाकेच्या अंतरावर तर बुवा दिवसभर असायचेच. कीर्तन रात्रीचं, दिवसा हा माणूस जाणार कुठे?

आता इथे आख्यान वळण घेतं, बरं का. पेटीवाले, जरा मंद्रात या.

दुपारी जेवणं झाली की कुमुदताई आत पडायच्या. बाहेर बुवा आणि डबा, दोघेच. बुवांच्या मनात आलं, शत्रूचा अभ्यास केला पाहिजे. अभ्यासाशिवाय कीर्तन कसं व्हायचं? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि यंत्र सुरू केलं. त्यात एक मोटारींच्या शर्यतीचा खेळ होता. बुवांनी आयुष्यात लुनासुद्धा चालवलेली नाही. त्यांनी लाल मोटार निवडली. बारा मोटारी सुटल्या. थोड्या वेळानं बुवांना दिसलं की अकरा मोटारी समोरून अंगावर येताहेत. बुवांना वाटलं, काय हे, अकराच्या अकरा जण उलट्या दिशेनं निघालेत! चांगली दहा मिनिटं त्यांना तसंच वाटत होतं. ते पडद्याकडे बघून त्या अकरांना नियम समजावून सांगत होते.

हसा, हसा. तुमच्या हाऊसिंग सोसायटीच्या सभेत मी असे तीनजण पाहिलेत!

दुसऱ्या दिवशी दिशा कळली. तिसऱ्या दिवशी वळणं कळली. आठवड्यात बुवा बाराव्यावरून आठव्यावर आले. आणि मंडळी, बुवांना जी चटक लागली! जेवताना डोळ्यांपुढे रस्ता. संध्येला बसले की पळीपंचपात्राऐवजी हातात बटणं असल्याचा भास. अंगठा आपोआप हलायचा. भाताचा घास घेताना बुवा डावीकडे झुकायचे. सुनेनं विचारलं, बाबा, मान दुखतेय का? दुखत होतीच. बुवांनी दोषांच्या रकान्यात चोविसावा दोष लिहिला, 'मान धरते'. तेवीस ऐकीव होते. हा पहिला अनुभवाचा.

एके दुपारी डबा म्हणाला, 'अपडेट'. पडद्यावर एक पांढरी रेघ, आणि ती मुंगीच्या पावलांनी पुढे सरकतेय. चाळीस मिनिटं! इतका वेळ बुवा हात जोडून त्या रेघेकडे एकटक पाहत होते. उभ्या जन्मात देवापुढे त्यांचं एवढं ध्यान लागलं नव्हतं. पंचविसावा दोष, 'आयत्या वेळी अडून बसतो.' पण हा दोष लिहिताना बुवांचं मन निर्मळ नव्हतं. यंत्रावर राग होता तो खेळू देत नाही म्हणून!

वहीत आणखी एक गंमत झाली. सुरुवातीला दोषांत पहिलाच दोष होता, 'वेळ जातो'. एकदा कुमुदताई सहज म्हणाल्या, "बरं आहे हो हे. दुपार सरते." आजारी माणसाला दुपार किती लांब असते, ते बुवांना ठाऊक नव्हतं. बुवांनी वही काढली आणि गुणांच्या रकान्यातही लिहिलं, 'वेळ जातो'. एकच वाक्य, दोन्हीकडे. आता हे सभेत सांगायचं कसं, या विचारात बुवा पडले. विचाराला चालना मिळावी म्हणून दोन शर्यती खेळले.

मग तो गुरुवार आला.

दुपारचे अडीच वाजले असतील. बुवा त्या दिवशी चौथे होते. चौथे! शेवटचा फेरा सुरू झाला होता. आतून कुमुदताईंची हाक आली, "अहो..." त्यांना न्हाणीघरात जायचं होतं. बुवा म्हणाले, आलो, एवढा फेरा होऊ दे. पुन्हा हाक आली. बुवा म्हणाले, आलो गं, आलो. एक निळी मोटार मागे पडली. बुवा तिसरे. शेवटच्या वळणावर आणखी एक मागे पडली. बुवा दुसरे! शर्यत संपली. आयुष्यात पहिल्यांदा बुवा कशात तरी दुसरे आले होते. कुणाला तरी सांगावं म्हणून ते मागे वळले. मागे कुणी नव्हतं. आणि तिसरी हाक आलीच नव्हती.

बुवा आत गेले. कुमुदताई पलंगाशेजारी जमिनीवर बसल्या होत्या. एकट्या उठायला गेल्या आणि पाय वळला. पाठ पलंगाला टेकलेली, डाव्या हातानं पलंगाचा पाय धरलेला. हो, डाव्या हातानं. त्या हाताला तेवढी ताकद आली होती. लुगडं ओलं झालं होतं. त्यांनी वर पाहिलं. रागावल्या नाहीत. विचारलं,

"जिंकलात का?"

आणि बुवांच्या तोंडून काय निघालं असेल? 'लागलं का' नाही. 'चुकलं माझं' नाही. बुवा म्हणाले,

"दुसरा आलो."

मंडळी, चाळीस वर्षं मी शब्दांवर पोट भरतोय. पण ते दोन शब्द माझ्या तोंडून गेले, ते अजून परत घेता आलेले नाहीत.

बघा, 'मी' म्हणालो. असो.

बुवा खाली बसले. त्यांना एकट्याला उचलता येईना. त्यांनी शेजारच्या गृहस्थांना हाक मारली आणि ते येईपर्यंत दोघं जमिनीवर तशीच बसून राहिली. बुवांनी जवळच वाळत घातलेलं धोतराचं पान ओढून कुमुदताईंच्या पायांवर घातलं. डॉक्टरांनी तपासलं. हाड मोडलं नव्हतं, गुडघा काळानिळा झाला होता. ऋजुता संध्याकाळी आली, तिला सगळं सांगितलं. तिनं बर्फ आणला आणि सासूबाईंच्या गुडघ्यावर धरून बसली. ती वादात जिंकते ते बुवांना सोसत होतं, पण हे सोसलं नाही.

मग बुवांनी काय केलं? पश्चात्ताप! आणि कीर्तनकाराचा पश्चात्ताप म्हणजे साधा नव्हे. त्यांनी डब्याच्या तारा उपटल्या, तो एका जुन्या उपरण्यात गुंडाळला, स्टुलावर चढून माळ्यावर टाकला आणि खाली उतरून घरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, की आजपासून ही वस्तू या घरात वर्ज्य! बुवांना फार हलकं वाटलं. वहीत दोषांच्या रकान्याखाली जाड अक्षरांत लिहिलं, 'माणूस पडतो.' सभेसाठी भाषणाचा शेवटही सुचला. आपल्या घरची हकीगत सांगायची – फेऱ्याचा तपशील थोडा गाळून – आणि म्हणायचं, बघा, या डब्यानं माझ्या घरात काय केलं!

दोन दिवस गेले. कुमुदताई पुन्हा चार वेळा हात उचलून भिंतीकडे बघायला लागल्या. सभेच्या आदल्या दिवशी सकाळी बुवा भाषण मोठ्यानं म्हणून बघत होते. कुमुदताई ऐकत होत्या. 'या डब्यानं माझ्या घरात' इथवर बुवा आले, आणि कुमुदताईंनी हात वर करून थांबवलं. उजवाच हात.

"मी डब्यामुळे नाही पडले," त्या म्हणाल्या. "तुम्ही आला नाहीत म्हणून पडले."

बुवा काहीतरी म्हणू लागले, की मी तरी त्या डब्याच्या नादानंच...

"लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. आधी काय, कीर्तनाची तयारी. मी हाक मारली की तुम्ही म्हणायचात, एवढं पद बसू दे. मग वर्तमानपत्र. एवढं पान होऊ दे. आता एवढा फेरा. तेव्हा मला उठता यायचं, म्हणून कधी पडले नाही, एवढंच." त्यांनी डावा हात मांडीवरून जरा उचलून दाखवला. "माझा हात त्या डब्यानं उचलला. आणि तुम्ही तुमची चूक झाकायला माझं औषध माळ्यावर टाकलंत."

मंडळी, बुवांपाशी प्रत्येक प्रश्नाला एक दृष्टांत असतो. त्या वेळी त्यांनी दृष्टांताचा नाद सोडला. ते उठले, स्टूल घेतलं, माळ्यावर चढले. उपरण्याची गाठ इतकी आवेशात मारली होती की सुटेना. शेवटी कात्रीनं कापावी लागली. त्यागाच्या आवेशाला हे असंच होतं – तारा परत जोडायला ऋजुताची वाट पाहावी लागली, कारण त्यागी पुरुषाला तारा उपटता येत होत्या, जोडता येत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सभा. कुमुदताई म्हणाल्या, मी येते. सहा महिन्यांत त्या दवाखान्याखेरीज कुठे गेल्या नव्हत्या. ऋजुताच्या आधारानं, काठी टेकत त्या आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. बुवा उभे राहिले. वही उघडली. समोर आईवडील, मागे शिक्षक. सगळ्यांना 'मायेचा डबा' ऐकायचा होता.

बुवांनी गुणांचा रकाना आधी वाचला. हात उचलला जातो. हसू येतं. वेळ जातो. सासू-सून मिळून खेळतात आणि सासू हरली तरी जेवते. मग दोष वाचले. त्यातले ऐकीव तेवीस त्यांनी एकेक करून खोडले नाहीत, काही खरेही असतील. त्यांनी एवढंच सांगितलं की हे मला ठाऊक नाहीत. मग अनुभवाचे. मान धरते. अडून बसतो. वेळ जातो. आणि वहीत नसलेलाही एक – सारखं वाटतं, आणखी एकच. आणि मग गुरुवारची हकीगत सांगितली. फेऱ्याचा तपशील न गाळता. 'दुसरा आलो' पर्यंत. तिथवर लोक हसत होते. तिथे थांबले. ती शांतता बुवांनी कधी कुठल्या कीर्तनात कमावली नव्हती, आणि परत कमवायची इच्छाही नाही.

एक तरुण आई उठली. तिनं सरळ विचारलं, की बुवा, मग घरात घ्यावा की नाही, ते सांगा. बुवांनी वहीकडे पाहिलं. दोन्ही रकाने भरले होते आणि उत्तर कुठेच नव्हतं. त्यांनी पान उलटून पाहिलं.

पहिल्या रांगेतून कुमुदताई बोलल्या. बसूनच, मागे वळून, त्या बाईकडे बघत.

"घे की," त्या म्हणाल्या. "फक्त आधी बघ, कुणी हाक मारली तर तुझ्याच्यानं उठवतं का. उठवत असेल तर घे. नसेल उठवत, तर नाही घेतलास तरी काही फरक पडणार नाही. दुसरं काहीतरी सापडेलच."

बुवांचं व्याख्यान चाळीस मिनिटांचं होतं. सभेतून जाताना लोक बोलत होते ते कुमुदताईंच्या वाक्याबद्दल. बुवांना थोडं वाईट वाटलं. अगदी थोडं. रिक्षात बसताना त्यांनी कुमुदताईंना हात दिला. ताईंनी डावा पुढे केला.

आता डबा घरात आहे. बसायच्या खोलीत, उघड्यावर. कुमुदताईंचा हात खांद्यापर्यंत जातो. खुंटांच्या खेळात त्या बुवांना रोज हरवतात. शर्यतीचा खेळ बुवा अजूनही खेळतात. खोटं कशाला सांगू, सोडलेला नाही. पण हाक आली की कांडी खाली ठेवतात. मोटार तशीच जाऊन कुंपणावर आपटते. दर वेळी जिवाला लागतं! कधी बारावे येतात, कधी शर्यत पुरीच होत नाही. आणि कधी कधी, मंडळी, पहिल्या हाकेला अजूनही उठत नाहीत. दुसरीला उठतात. एवढीच प्रगती आहे.

तर आता तुम्ही सांगा. तुमच्या घरात तो डबा नसेल. बरं. मग तुमचा फेरा कोणता? एवढी बातमी होऊ दे. एवढा हिशेब होऊ दे. एवढी जपाची माळ होऊ दे – होय आजोबा, माळसुद्धा! आतून कुणी हाक मारतंय आणि तुम्ही देवाच्या नावानं म्हणताय, आलो, आलो. डब्याचे गुणदोष मी तुम्हाला सांगितले, ते तुमच्या डब्याचे तुम्ही लिहा. फक्त गुणांचा रकाना कोरा ठेवून निःपक्षपाती होऊ नका, आणि दोषांच्या रकान्यात स्वतःचं नाव घालायला लाजू नका. मी ते घातलं. सत्ताविसावं.

आणि हे कीर्तनही आता पुरे. अजून दोन पदं बाकी होती, चांगली बसवली होती. पण उजवीकडे बायकांच्या रांगेत, खांबाशेजारच्या खुर्चीवर, एका बाईंनी मघाशी एकदा माझ्याकडे पाहून मान हलवली. त्यांना घरी जायचंय. ती पहिली खूण होती.

रामराया, शहाणपण आम्हाला उशिरा देतोस, पण देतोस, म्हणून तुझे पाय धरतो. ज्यांच्या घरी कुणी वाट पाहत असेल त्यांना आरतीआधी जायची तुझ्या वतीनं मी परवानगी देतो. बुक्का दाराशीच लावून घ्या. पेटीवाले, बंद करा. मी निघालो.